शिक्का नसलेला गॅस मास्क ओळखायचा कसा?

माळ्यावरची ट्रंक आवरताना पणजोबांच्या पलटणीतल्या सामानात एक रबरी मुखवटा निघतो. किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात पितळी दिव्यांच्या आणि बंद पडलेल्या कॅमेऱ्यांच्या मधोमध तो लटकलेला दिसतो. दुकानदार छातीठोकपणे सांगतो, 'जर्मन आहे साहेब, दुसऱ्या महायुद्धातला.' मास्कवर मात्र ना कारखान्याचं नाव, ना साल, ना कुठल्या सैन्याचा शिक्का.

अशा मास्कबद्दल वाचकांचे प्रश्न ठरलेले असतात. हा कुठल्या देशाचा? किती जुना? खरा की नाटका-सिनेमासाठी बनवलेला? आणि हमखास येणारा शेवटचा प्रश्न: एकदा घालून पाहिला तर चालेल ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी घ्या. चालणार नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र शिक्का नसतानाही बऱ्यापैकी मिळतात. बहुतेक शिक्के मुखवट्यावर नसून त्याच्या पिशवीवर, फिल्टरच्या डब्यावर किंवा पेटीवर असायचे. हे भाग हरवले, शाई उडाली, की मास्क 'बेनाव' होतो. त्याची घडण तशीच राहते. फिल्टर कुठे लावायचा, उच्छ्वास बाहेर कसा सोडायचा, मुखवटा डोक्यावर घट्ट कसा बसवायचा, हे प्रश्न प्रत्येक देशानं आपापल्या पद्धतीनं सोडवले. ती पद्धत वाचता आली की देश आणि दशक सहसा हाती लागतं.

आधी सुरक्षितता

२०१४ मध्ये ब्रिटनच्या आरोग्य आणि सुरक्षा यंत्रणेनं तिथल्या शाळांना सूचना दिली: इतिहासाच्या तासाला मुलांना महायुद्धातले गॅस मास्क घालायला देऊ नका, हाताळायलाही देऊ नका. कारण अॅस्बेस्टॉस. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात धुराचे बारीक कण अडवण्यासाठी अनेक ब्रिटिश फिल्टरांत अॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले होते. लष्करी फिल्टरांत त्याचा अधिक घातक निळा प्रकार असे, नागरी फिल्टरांत पांढरा. हे फिल्टर भरणाऱ्या नॉटिंगहॅम आणि ब्लॅकबर्नच्या कारखान्यांतल्या कामगारांत, त्यांत स्त्रियाच जास्त, पुढच्या काही दशकांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग आढळला. त्यावर वैद्यकीय अभ्यासही झाले.

धोका फक्त ब्रिटिश मास्कपुरता नाही. विसाव्या शतकातल्या बऱ्याच अमेरिकी फिल्टरांतल्या कोळशावर तांबं, चांदी आणि क्रोमियम यांची प्रक्रिया केलेली असे. त्यातलं क्रोमियम आरोग्याला घातक आहे. जुन्या सोव्हिएत फिल्टरांबद्दलही अॅस्बेस्टॉसचा संशय धरूनच वागावं. देश कळलेला नाही, तोवर फिल्टर घातक आहे असंच समजा.

मास्क हाती आल्याबरोबर एवढं करा:

१. घराबाहेर किंवा मोकळ्या गच्चीत, रबरी हातमोजे घालून हाताळा. मुलांना लांब ठेवा.
२. फिल्टरचा डबा हलवून आवाज ऐकू नका, ठोकू नका, भोक पाडू नका, उघडू नका.
३. डबा सहज सुटत असेल तर वेगळा करा. अडकला असेल तर जोर लावू नका, मास्कसकट पुढची पायरी करा.
४. डब्याची दोन्ही तोंडं रुंद चिकटपट्टीनं बंद करा. डबा जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, एकीत एक, घाला आणि वर 'अॅस्बेस्टॉस असू शकतं, उघडू नये' अशी चिठ्ठी लावा.
५. मुखवट्यावरची धूळ झटकू नका. ओल्या फडक्यानं टिपून घ्या आणि तेच फडकं पिशवीत बंद करा.
६. पिशवीच्या तळाशी भुसा किंवा काळी पूड साठली असेल तर ती झाडू नका. पिशवीही तशीच बंद करून ठेवा.

खात्री करायचीच असेल तर एनएबीएलची मान्यता असलेल्या आणि अॅस्बेस्टॉस तपासणाऱ्या प्रयोगशाळेला विचारा. नमुना स्वतः काढू नका.

शिक्का खरंच नाही ना?

'काही लिहिलेलं नाही' म्हणून आलेल्या मास्कवर बारकाईनं पाहिलं की बऱ्याचदा काहीतरी सापडतं. रबरावरची उठावाची अक्षरं समोरच्या उजेडात दिसत नाहीत. खोली अंधारी करा, मोबाइलचा टॉर्च मास्कला जवळजवळ समांतर धरा आणि हळूहळू फिरवा. आडव्या उजेडात अक्षराची सावली पडते आणि ते वाचता येतं. या जागा एकेक करून तपासा:

- हनुवटीची बाहेरची आणि आतली बाजू
- कपाळाचा भाग, पट्ट्यांची टोकं आणि बकला
- काचांच्या धातूच्या कडा
- उच्छ्वासाच्या झडपेचं झाकण
- फिल्टरच्या डब्याचा तळ आणि बाजूची शिवण
- पिशवीच्या झाकणाची आतली बाजू, जिथे शाई सर्वांत जास्त टिकते

बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण ही ब्रिटिश सरकारी मालाची. त्या बाणाला जोडून इंग्रजी 'आय' असेल तर वस्तू भारतात बनलेली किंवा भारत सरकारच्या मालकीची. इंग्रजी 'सी'च्या पोटात बाण असेल तर कॅनडाची. पसरलेल्या पंखांचा बारीक गरुड आणि त्याखाली आकडा ही जर्मन लष्करी तपासनिसाची खूण. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन वस्तूंवर कारखान्याच्या नावाऐवजी दोन-तीन लहान अक्षरांचा संकेतही असतो. हनुवटीपाशी गोलात ० ते ४ पैकी एखादा आकडा असेल तर तो सोव्हिएत मास्कचं माप दाखवतो. नुसतं इंग्रजीत 'नॉर्मल', 'लार्ज', 'स्मॉल' असेल तर बहुधा ब्रिटिश. फिनलंडच्या सैन्याच्या मास्कवर 'नोकिया' वाचलंत तर तो खोटा समजू नका. मोबाइलच्या कितीतरी आधी ही कंपनी रबरी वस्तूंच्या धंद्यात होती आणि सैन्यासाठी गॅस मास्कही बनवायची.

फिल्टर कुठे बसतो, ते पाहा

खूण मिळाली नाही तर घडणीकडे वळा. सर्वांत आधी फिल्टरची जागा पाहा. फिल्टर हरवला असला तरी मुखवट्यावरचं भोक किंवा आटे ती जागा दाखवतात.

*सगळं डोकं झाकणारी कापडी टोपी.* फ्लॅनेलची पिशवी, पुढे दोन गोल काचा आणि दातांत धरायची उच्छ्वासाची नळी. हा पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश प्रकार आहे. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीनचे ढग सोडले, तेव्हा दोस्तांच्या सैन्याकडे कुठलाही तयार मास्क नव्हता. चारच दिवसांनी हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन त्याच आघाडीवर वायूत सापडली. जमादार मीर दस्त यांना २६ एप्रिलच्या त्या लढाईतल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. सुरुवातीला ओल्या कापडावर भागवावं लागलं, मग रसायनात भिजवलेल्या टोप्या आल्या. अशी टोपी फारच दुर्मीळ आहे. ती सापडली तर धुऊ नका, घडी उलगडू नका, थेट संग्रहालयाशी बोला.

*मुखवट्यातून निघणारी लांब, वळ्यावळ्यांची नळी आणि पिशवीत राहणारा डबा.* ब्रिटिश, अमेरिकी, जपानी आणि सोव्हिएत, चारही सैन्यांनी ही रचना वापरली, म्हणून इथे घाई करू नका. मुखवट्याच्या आत पाहा. नाक दाबणारी चिमटी आणि तोंडात धरायचा रबरी तुकडा असेल तर तो १९१६ नंतरचा ब्रिटिश 'स्मॉल बॉक्स रेस्पिरेटर' किंवा त्यावरून बनवलेला पहिल्या महायुद्धातला अमेरिकी मास्क. चिमटी नाही, मुखवटा साच्यातल्या रबराचा आणि वरून खाकी विणीचं कापड चिकटवलेलं, असं असेल तर तो दुसऱ्या महायुद्धातला ब्रिटिश 'जनरल सर्व्हिस' मास्क असण्याची शक्यता दाट. पिशवीच्या कप्प्यात एक चपटी गोल डबी असेल तर ती काचांवर वाफ धरू नये म्हणून लावायच्या मलमाची. रबर सबंध डोकं झाकत असेल आणि नळी उंच डब्यात जात असेल तर सोव्हिएत बनावटीकडे वळा.

*तोंडासमोर थेट बसलेला फिल्टर, नळी नाही.* ही जर्मन वहिवाट. पहिल्या महायुद्धात आधी रबर चढवलेल्या कापडाचा मास्क आला. नाकेबंदीमुळे रबर मिळेना, तेव्हा १९१७ मध्ये चामड्याचा काढला. या दोन्हींत उच्छ्वासाची वेगळी झडप नसे, श्वास आत-बाहेर फिल्टरमधूनच जाई. दुसऱ्या महायुद्धात दोन मुख्य प्रकार. १९३०चा मास्क करड्या-हिरवट कापड-रबराचा, आत चेहऱ्याला टेकणारी मऊ चामड्याची कड. १९३८चा सलग रबराचा. दोन्हींत फिल्टरच्या खाली उच्छ्वासाची झडप. सोबत लांबट, पन्हाळी नक्षीचा पत्र्याचा डबा, त्याच्या झाकणात वाफ न धरणाऱ्या पारदर्शक चकत्यांसाठी कप्पा.

ब्रिटिश नागरी मास्कमध्येही फिल्टर समोरच असतो, पण तो ओळखायला सगळ्यांत सोपा. काळं पातळ रबर, दोन काचांऐवजी सेल्युलॉइडची एकच रुंद खिडकी आणि जाड रबरी कड्यानं धरून ठेवलेला डबा. यात उच्छ्वासाची झडपच नाही, हवा गालाच्या कडेनं फुरफुरत बाहेर पडायची. १९३८च्या सप्टेंबरपर्यंत असे सुमारे ३ कोटी ८० लाख मास्क ब्रिटनमध्ये वाटून झाले होते. डब्याच्या तोंडाशी चिकटपट्टीनं जोडलेला हिरवा तुकडा असेल तर ती १९४० मधली भर. लाल रबर आणि निळा डबा असलेला छोटा मास्क लहान मुलांचा. त्याला लोक 'मिकी माउस' म्हणत.

*एका गालावर बसलेला फिल्टर.* इथे १९४३ नंतरचा काळ सुरू होतो. नळी आणि जड पिशवी नको म्हणून ब्रिटिशांनी हलका मास्क काढला, त्याचा डबा डाव्या गालावर. डावखुऱ्या शिपायासाठी तो उजवीकडेही मिळे, म्हणजे बंदुकीचा दस्ता गालाला टेकवता येई. युद्धानंतर ही रचना ब्रिटन, अमेरिका, सोव्हिएत संघ अशा अनेकांनी वापरली. त्यामुळे गालावर फिल्टर दिसला की 'दुसरं महायुद्ध' म्हणण्याआधी दहादा विचार करा.

*फिल्टर दिसतच नाही.* दोन्ही गाल फुगलेले, आत कप्पे आणि कप्प्यांत चपट्या गाद्या. हा १९५९चा अमेरिकी 'एम-१७' किंवा त्याच्या धर्तीवरचा चेकोस्लोव्हाकियाचा 'एम-१०'. दोन्ही शीतयुद्धाच्या काळातले.

*डोक्यावरून ओढायची करडी रबरी टोपी, लहान गोल काचा, हनुवटीशी बसकट डबा.* हा सोव्हिएत 'जीपी-५', १९६०च्या दशकापासून नागरी संरक्षणासाठी प्रचंड संख्येनं बनलेला. ऑनलाइन बाजारात 'जर्मन', 'नाझी', 'पहिलं महायुद्ध' अशा कुठल्याही नावानं जो मास्क विकला जातो, तो बऱ्याच वेळा हाच निघतो.

आटे मोजा

फिल्टर स्क्रूसारखा बसत असेल तर आट्यांचं माप हा भक्कम पुरावा ठरतो. त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर घ्या. हार्डवेअरच्या दुकानातला साधाही पुरतो.

बाहेरचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर आला तर दोन मोठ्या शक्यता. मूळ जर्मन आणि पुढे नाटोनं स्वीकारलेल्या मापात दोन आट्यांमधलं अंतर एक इंचाचा सातवा भाग, म्हणजे साधारण ३.६ मिलिमीटर. सोव्हिएत मापात ते ४ मिलिमीटर. एकाच अंतरावर फरक डोळ्याला कळत नाही, म्हणून तीन अंतरं एकदम मोजा. जवळजवळ ११ आलं तर पहिलं माप, १२ आलं तर दुसरं. व्यास ६० मिलिमीटरच्या आसपास असेल तर विसाव्या शतकाच्या मध्यातले ब्रिटिश किंवा अमेरिकी प्रकार तपासा.

४० मिलिमीटरचे दोन्ही आटे एकमेकांत थोडेफार फिरतात, म्हणून 'फिल्टर बसला' एवढ्यावरून फिल्टर आणि मास्क एकाच घरचे ठरत नाहीत. जोडगोळी बाजारात जुळवलेली असू शकते.

एक मास्क तपासून पाहू

समजा, मास्क करड्या रबराचा आहे, 'जर्मन, १९४२' असं सांगून विकलेला. रबर सबंध डोकं झाकतं. पट्टे नाहीत. काचा गोल आणि लहान. हनुवटीशी आट्यांचं भोक, व्यास ४०. तीन अंतरांचं माप १२. आडव्या उजेडात हनुवटीपाशी गोलात '२' दिसतो.

आता एकेक तपासा. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन लष्करी मास्कला डोक्यामागे पट्टे असतात, इथे नाहीत. आट्यांचं माप सोव्हिएत. गोलातला आकडा सोव्हिएत मापाचा. हनुवटीशी बसणारा डबा जीपी-५ला जुळतो. तिन्ही खुणा एकाच दिशेनं जातात, म्हणून हा शीतयुद्धातला सोव्हिएत नागरी मास्क. १९४२ हे साल मालाबरोबर आलेली गोष्ट, पुरावा नव्हे.

याच पद्धतीनं प्रत्येक मास्क पाहा. एका खुणेवर निकाल देऊ नका, निदान तीन खुणा जुळायला हव्यात. एखादी ठळक खूण विरोधात जात असेल तर ती 'किरकोळ' म्हणून सोडू नका. ती बहुधा बदललेल्या सुट्या भागाची किंवा चुकीच्या अंदाजाची सूचना असते.

घरातलाच मास्क असेल तर कागद आणि पदकं पाहा

वारशानं आलेल्या मास्कची अर्धी ओळख ट्रंकेतच असते. पेन्शनचे कागद, सैन्यातून मुक्ततेचा दाखला, पलटणीचं नाव आणि पदकं आधी एकत्र करा. 'आफ्रिका स्टार', 'इटली स्टार', 'बर्मा स्टार' ही पदकं माणूस कोणत्या आघाडीवर होता ते सांगतात. १९४४-४५ मध्ये मराठा पलटणी इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना तिथेच व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. अशा पलटणीतल्या शिपायाकडे ब्रिटिश बनावटीचा मास्क असणं स्वाभाविक. जर्मन मास्क असेल तर तो तिथून आठवण म्हणून उचलून आणलेला असू शकतो. बर्मा आघाडीवरून आलेल्या घरात जपानी मास्कची शक्यताही तपासा. मास्क सोव्हिएत निघाला आणि पदकं त्याची हकीकत सांगत नसतील तर तो नंतर कुणीतरी विकत घेतलेला असावा, हेही मान्य करा.

फसगतीच्या जागा

- नवा शिक्का. युद्धोत्तर मास्कच्या पन्हाळी डब्यावर गरुड ठोकून तो 'नाझी' म्हणून विकणं ही जुनी युक्ती. असे डबे इतर देशांनीही बनवले आहेत. शिक्क्याच्या खाचेत जुना रंग किंवा गंज नसेल आणि धातू चकचकीत दिसत असेल तर सावध व्हा.
- नाटकाचा माल. काचा चिकटवलेल्या, झडपेच्या जागी नुसता उठाव आणि आत हवेला वाटच नाही. असा मास्क लष्करी नाही. मात्र ब्रिटिश नागरी मास्क आणि पहिल्या महायुद्धातले जर्मन मास्क यांत उच्छ्वासाची झडप मुळातच नसते, हा अपवाद लक्षात ठेवा.
- रबर फुटलंय, म्हणून जुना. उन्हात ठेवलेलं पन्नास वर्षांचं रबर तडकतं आणि पेटीत राहिलेलं ऐंशी वर्षांचं मऊ राहू शकतं. दुसऱ्या महायुद्धात युरोपातल्या रणांगणावर विषारी वायू मोठ्या प्रमाणावर वापरला गेला नाही. त्यामुळे कितीतरी मास्क न वापरलेले, कोरे राहिले.
- दुर्मीळ म्हणून महाग. ब्रिटिश नागरी मास्क आणि जीपी-५ प्रचंड संख्येनं बनले. जुनेपणा आणि दुर्मीळपणा एकच समजू नका.
- 'अजून चालतो.' कोळशाची शोषणशक्ती काळानुसार जाते, रबर कडेनं हवा सोडतं. कारखान्यात, आगीत किंवा रंगकामात संरक्षण म्हणून जुना लष्करी मास्क कधीही वापरू नका.

तुमचे हक्क आणि कायदा

*चुकीच्या वर्णनानं विकला असेल तर.* ऑनलाइन दुकानातून 'दुसऱ्या महायुद्धातला मूळ जर्मन' म्हणून घेतलेला मास्क सोव्हिएत निघाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आणि २०२० चे ई-कॉमर्स नियम तुमच्या बाजूनं आहेत. जाहिरातीत सांगितलेले गुण वस्तूत नसतील तर ती परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. हे करा:

१. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, बिल आणि पार्सल उघडतानाचे फोटो जपून ठेवा.
२. विक्रेत्याला लेखी तक्रार पाठवा. फोनवरचं आश्वासन धरू नका.
३. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.
४. तरीही सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जा. मुदत दोन वर्षं. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तक्रारीचं शुल्क नाही.

धंदा न करणाऱ्या व्यक्तीकडून किंवा रस्त्यावरच्या बाजारातून बिलाशिवाय घेतला असेल तर हा मार्ग फारसा उपयोगी पडत नाही. म्हणून निदान विक्रेत्याचं नाव, तारीख आणि किंमत असलेली पावती मागा.

*लष्करी मालाची पावती.* आपल्या सैन्याचा वापरून बाद झालेला माल 'एमएसटीसी' या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून विकला जातो. भारतीय सैन्याचा आधुनिक मास्क विकत घेत असाल तर तो असा कायदेशीर वाटेनं बाहेर पडल्याचा कागद विक्रेत्याकडे मागा. कागद नसेल तर घेऊ नका.

*परदेशी पाठवायचा असेल तर.* १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तिची खासगी निर्यात करता येत नाही. पहिल्या महायुद्धातल्या मास्कनं शंभरी ओलांडली आहे. तो परदेशातल्या नातेवाइकाला किंवा लिलावाला पाठवण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या. आधुनिक लष्करी मास्क असेल तर परकीय व्यापार महासंचालनालयाची 'स्कोमेट' यादी आधी तपासा. लष्करी साहित्याच्या निर्यातीला परवाना लागतो.

ठेवायचा, द्यायचा की टाकायचा?

*ठेवायचा असेल तर* फिल्टर मुखवट्यापासून वेगळा, बंद पिशवीतच राहू द्या. रबर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ फडक्यानं पुसा आणि सावलीत सुकवा. तेल, पेट्रोल, रॉकेल, बूटपॉलिश यांतलं काहीही लावू नका, रबर त्यानं सुजतं आणि चिकट होतं. आत आम्लविरहित कागदाचे गोळे भरा, म्हणजे मुखवटा चेपत नाही. पत्र्याचा डबा घासून चकचकीत करू नका. राहिलेली शाई आणि रंग हाच पुरावा असतो.

*द्यायचा असेल तर* आधी संग्रहालयाला फोटो पाठवा, वस्तू घेऊन थेट दारात जाऊ नका. फिल्टरबद्दलची शंका पहिल्याच पत्रात लिहा.

*टाकायचा असेल तर* घंटागाडीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका, जाळू तर अजिबात नका. बंद पिशवीतला फिल्टर घरगुती घातक कचरा म्हणून महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या घनकचरा विभागाला लेखी कळवून द्या. महाराष्ट्रात तळोजा आणि रांजणगाव इथे घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी केंद्रं आहेत. ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या देखरेखीखाली चालतात. शाळा, नाट्यसंस्था किंवा चित्रपटाच्या सामानाचं गोदाम यांच्याकडे असे बरेच मास्क असतील तर त्यांनी मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाशीच बोलावं.

जाणकाराला विचारताना

लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहाची यादी छायाचित्रांसह खुली आहे. आधी तिथल्या नमुन्यांशी तुमचा मास्क ताडून पाहा. तरी शंका राहिली तर जाणकाराला एकच धूसर फोटो पाठवून 'हे काय आहे?' असं विचारू नका. पुढचं सगळं एकत्र पाठवा:

- समोरून, दोन्ही बाजूंनी, मागून आणि आतून असे पाच फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून
- आडव्या उजेडात घेतलेले प्रत्येक खुणेचे फोटो, अर्धवट खुणेचेही
- आट्यांचा व्यास आणि तीन अंतरांचं माप
- झडप आहे की नाही, असल्यास कुठे
- पट्ट्यांची संख्या आणि साहित्य: कापडी, रबरी की स्प्रिंगचे
- पिशवी किंवा डबा सोबत मिळाला की वेगळा घेतला
- मास्क तुमच्याकडे कसा आला, त्याची तारखांसह हकीकत

उत्तर आलं की ते एका कागदावर लिहून मास्कबरोबर ठेवा. त्यात तीन रकाने करा: काय नक्की झालं, काय अंदाज आहे आणि काय कळलेलं नाही. 'ब्रिटिश, दुसरं महायुद्ध, प्रकार अनिश्चित' एवढी नोंदही पुढच्या पिढीला 'आजोबांचा जर्मन मास्क' या ऐकीव गोष्टीपेक्षा जास्त उपयोगी पडेल. आणि मुलांच्या गॅदरिंगसाठी कुणी तो मागायला आलं, तर सरळ नाही म्हणा. त्यासाठी बाजारात प्लास्टिकचे मिळतात.